गाणी गाजली, हक्क कागदावर गेले!

'बँड' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वरातीपुढचा बँड येतो. लाल कोट, पितळी वाद्ये आणि पुढे नाचणारी पोरे. अमेरिकेतला रॉक बँड हे प्रकरण निराळे. तीन-चार जण, दोन-तीन गिटारी, एक ड्रम आणि एक गळा. एवढ्या सामानावर त्या देशातल्या तरुणांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात साऱ्या जगाला नाचवले. पण या नाचगाण्याच्या पोटात जी गोष्ट दडलेली आहे, ती आपल्या वाचकांना अजिबात परकी वाटणार नाही. राबायचे कोणी, मरायचे कोणी, आणि कमाई कोणाच्या तिजोरीत जायची? हीच ती गोष्ट!

या बँडचे नाव लांबलचक आहे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल. त्याचे चाहते त्याला नुसते 'सीसीआर' म्हणतात किंवा 'क्रीडन्स' म्हणतात. १९६८ ते १९७२ अशी जेमतेम चार-पाच वर्षे हा बँड चालला. पण त्या अवधीत त्याने दिलेली गाणी पन्नास वर्षांनंतरही रेडिओवर, सिनेमात, मिरवणुकीत आणि मोर्चात वाजतात. या बँडच्या निवडक गाण्यांचा 'क्रॉनिकल' नावाचा संग्रह १९७६ साली निघाला. एकट्या अमेरिकेत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती गेल्या. अशी ही गाणी कशी जन्मली आणि ती लिहिणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे जाणून घेण्यासारखे आहे.

चार पोरे आणि एक शेड

कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी एल सेरिटो नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या शाळेत जॉन फोगर्टी, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड हे तीन वर्गमित्र भेटले. तिघांचाही जन्म १९४५ चा. १९५९ साली, म्हणजे चौदा वर्षांच्या वयात, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. पुढे जॉनचा थोरला भाऊ टॉम त्यांना येऊन मिळाला.

फोगर्टींच्या घरी पाच मुलगे. वडील बर्कली गावच्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात खिळे जुळवण्याच्या यंत्रावर काम करीत. आई शिक्षिका. पुढे आईवडील विभक्त झाले आणि संसाराचा भार आईवर आला. ही पोरे काही संगीताच्या मोठ्या घराण्यातली नव्हती. रेडिओ ऐकून, रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून ती शिकली.

१९६४ साली फँटसी नावाच्या रेकॉर्ड कंपनीशी त्यांनी करार केला. कंपनीने त्यांचे नावसुद्धा त्यांना न विचारता बदलले, आणि ठेवले 'गॉलिवॉग्ज'. गॉलिवॉग म्हणजे कृष्णवर्णीय माणसाची टिंगल करणारी जुनी बाहुली. असले नाव लावून काही वर्षे ही पोरे गावोगावच्या बारमध्ये वाजवीत राहिली. गाणी चालली नाहीत. १९६६ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीची नोटीस आली. जॉनने लष्कराच्या राखीव दलात आणि डगने तटरक्षकांच्या राखीव दलात नाव घातले, म्हणून त्यांचे व्हिएतनामला जाणे टळले.

१९६८ च्या सुरुवातीला त्यांनी ते हलके नाव फेकून दिले आणि स्वतः निवडलेले नाव घेतले. 'क्रीडन्स' हा शब्द एका ओळखीच्या माणसाच्या नावावरून आला. 'क्लिअरवॉटर' हा बिअरच्या एका जाहिरातीवरून. आणि 'रिव्हायव्हल' म्हणजे पुनरुज्जीवन. दुसऱ्याने दिलेले नाव टाकून आपले नाव आपण घ्यायचे, यात काय बळ असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

त्यांची सरावाची जागा म्हणजे एक शेड होती. रोज ठरल्या वेळी यायचे, तासन् तास वाजवायचे आणि घरी जायचे. कारखान्यातल्या पाळीसारखे. म्हणून त्या जागेला ते 'फॅक्टरी'च म्हणत. डगचे टोपणनाव कॉस्मो, म्हणून पुढे एका अल्बमचे नाव ठेवले 'कॉस्मोज फॅक्टरी'. तो काळ सॅन फ्रान्सिस्कोत नशापाण्याचा आणि भरकटलेल्या तरुणांचा होता. जॉनचा नियम मात्र कडक होता. मंचावर जाताना दारू नाही, नशा नाही. काम म्हणजे काम!

'प्राउड मेरी': एका मोलकरणीच्या नावातून

पहिला हिट आला तो १९६८ साली, 'सुझी क्यू'. ते मूळ १९५७ चे, डेल हॉकिन्सचे गाणे. क्रीडन्सने ते आठ मिनिटांहून लांब करून वाजवले आणि ते देशाच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेले. पण खरा धडाका १९६९ च्या जानेवारीत उडाला. गाण्याचे नाव 'प्राउड मेरी'.

जॉन एका वहीत गाण्यांची नावे टिपून ठेवीत असे. 'प्राउड मेरी' हे त्यातलेच एक नाव. सुरुवातीला त्याच्या मनात होती ती एक मोलकरीण. सकाळी बसमधून उतरून श्रीमंतांच्या घरी कामाला जाणारी, पण ताठ मानेची बाई. १९६८ साली लष्करातून सुटका झाल्याचा कागद त्याच्या हातात पडला. त्या आनंदाच्या भरात तो घरात शिरला, गिटार घेतली आणि गाणे बाहेर आले. लिहिता लिहिता ती मेरी नदीवरच्या जुन्या चाकाच्या बोटीत बदलली. शहरात मालकाची चाकरी करून, हॉटेलातल्या ताटल्या विसळून थकलेला माणूस ती नोकरी सोडतो आणि नदीच्या आश्रयाला जातो. तिथली माणसे गरीब, पण खिशात पैसा नसलेल्यालाही ती उपाशी ठेवत नाहीत. एवढीच त्या गाण्याची कथा. कष्टकरी माणसाच्या मनातले स्वप्नच ते!

गंमत अशी की, हे गाणे लिहिताना जॉनने मिसिसिपी नदीचा तो दक्षिणेकडचा मुलूख पाहिलेलाही नव्हता. पुस्तके, सिनेमे आणि दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या रेकॉर्ड यांतून त्याने तो मुलूख मनात उभा केला होता.

टीना टर्नरची मेरी

या गाण्याचे दुसरे आयुष्य पहिल्यापेक्षा मोठे ठरले. १९७१ साली आइक आणि टीना टर्नर या कृष्णवर्णीय जोडप्याने ते गायले. सुरुवात संथ, बोलल्यासारखी, आणि मग एकदम वाघिणीसारखी झेप. हे गाणे यादीत चौथ्या क्रमांकावर गेले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

टीनाचे मूळ नाव ॲना मे बुलक. जन्म १९३९ चा, टेनेसी राज्यातला. नटबुश नावाच्या खेड्यात ती वाढली आणि लहानपणी तिने स्वतः कापूस वेचला. पुढे नाव झाले, पण घरात नवरा मारझोड करी. मंचावर ताठ मानेची मेरी गाणारी ही बाई घरात मार खात होती. १९७६ साली डॅलस शहरातल्या हॉटेलातून ती अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. खिशात होते छत्तीस सेंट, म्हणजे चिल्लर. १९७८ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा तिने मालमत्तेवरचा हक्क सोडला, पण कष्टाने कमावलेले 'टीना टर्नर' हे नाव मात्र सोडले नाही. त्या नावावरच तिने १९८४ साली पुन्हा उभे राहून साऱ्या जगाला दाखवले.

या काळात तिला आधार कशाचा होता? १९७३ पासून ती जपानच्या निचिरेन परंपरेतला बौद्ध धम्म आचरीत होती आणि रोज सूत्रपठण करीत होती. आपल्यात धीर आला तो या साधनेतून, असे ती अखेरपर्यंत सांगत राहिली. २०२० साली तिने त्यावर पुस्तकही लिहिले. २४ मे २०२३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये तिचे निधन झाले. नवऱ्याचा मार खाऊन गप्प बसणाऱ्या कोणाही भगिनीने टीनाची ही कहाणी जरूर ऐकावी.

दुसऱ्या क्रमांकाचा विक्रम

अमेरिकेत 'बिलबोर्ड' नावाचे नियतकालिक दर आठवड्याला गाजत्या शंभर गाण्यांची यादी देते. क्रीडन्सची पाच रेकॉर्ड या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचल्या. पण पहिल्या क्रमांकावर एकही गेली नाही! 'प्राउड मेरी', 'बॅड मून रायझिंग' आणि 'ग्रीन रिव्हर' या तिन्ही १९६९ मधल्या. मग १९७० मध्ये 'ट्रॅव्हलिन बँड' व 'हूल स्टॉप द रेन' ही जोड-रेकॉर्ड आणि 'लुकिन आउट माय बॅक डोअर' ही दुसरी. पहिला नंबर नाही म्हणून गाणे छोटे होते काय? त्या वेळी पहिल्या क्रमांकावर असलेली कित्येक गाणी आज कोणाला आठवत नाहीत. दुसऱ्या क्रमांकाची ही गाणी मात्र घरोघर आहेत. परीक्षेत पहिला नंबर हुकला म्हणून खट्टू होणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.

'बॅड मून रायझिंग'ची चाल इतकी उडती की माणूस टाळ्या वाजवत डोलतो. पण आशय ऐकला तर अंगावर काटा येतो. वादळ, पूर, भूकंप, नाश! १९४१ च्या एका जुन्या चित्रपटातले वादळाचे दृश्य पाहून जॉनला ही कल्पना सुचली. इंग्लंडमध्ये हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या उच्चारामुळे कित्येकांना यातली एक ओळ 'उजव्या हाताला न्हाणीघर आहे' अशी ऐकू येते. पुढे जॉन स्वतःच मंचावर कधी कधी मुद्दाम तसेच गाऊन लोकांना हसवू लागला.

'लुकिन आउट माय बॅक डोअर' हे तर मुलांचे गाणे. आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी जॉनने ते लिहिले. परसदाराबाहेर प्राण्यांची वरात चालली आहे, हत्ती वाद्ये वाजवताहेत, अशी बालमनाची गंमत त्यात आहे. काही शहाण्यांनी त्यात नशेचा अर्थ शोधला. बापाने मुलासाठी केलेल्या गाण्यातसुद्धा नशा दिसावी, याला काय म्हणावे?

'लोडाय' हे गाणे तेव्हा दुसऱ्या बाजूला छापले गेले, म्हणून फार वर चढले नाही. पण गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या कोणाही कलाकाराला ते आपले वाटेल. एक गवई नाव काढायला निघतो आणि एका आडगावात अडकतो. समोर दारू पिऊन बसलेले श्रोते, खिशात परतीच्या गाडीचे भाडे नाही. लोडाय हे कॅलिफोर्नियातले खरेखुरे गाव आहे. जॉनला फक्त त्या नावाचा नाद आवडला होता. गाव त्याने पाहिलेही नव्हते.

'डाउन ऑन द कॉर्नर' हे रस्त्याच्या कोपऱ्यावर वाजवणाऱ्या गरीब पोरांचे गाणे. कपडे घासण्याचा पत्रा हे त्यांचे ताल-वाद्य. जे हाताशी येईल ते वाजवायचे आणि ऐकणाऱ्याकडे पैसे नसतील तर फुकट ऐकवायचे. वाद्य विकत घ्यायची ऐपत नसलेल्यांनी डबा, पत्रा, ताटली वाजवून गाणे उभे केले, ही गोष्ट जगातल्या सगळ्या गरीब वस्त्यांना ठाऊक आहे.

कोणाचा मुलगा युद्धावर जातो?

'डाउन ऑन द कॉर्नर'च्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला या बँडचे सर्वांत धारदार गाणे होते. 'फॉर्च्युनेट सन', म्हणजे नशीबवान पुत्र. साल १९६९.

व्हिएतनामचे युद्ध तेव्हा भरात होते. या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनामी माणसे तर लाखांनी मेली. अमेरिकेत सक्तीची भरती होती, पण सक्ती सगळ्यांना सारखी नव्हती. कॉलेजात शिकणाऱ्याला सवलत मिळे. ज्याच्या बापाची ओळख असेल, त्याला सुरक्षित जागा सापडे. उरला तो कामगाराचा, शेतमजुराचा, कृष्णवर्णीयाचा मुलगा. १९६६ पासून सरकारने भरतीच्या परीक्षेचे निकषच खाली आणले आणि शिक्षणाची संधी न मिळालेली हजारो पोरे सैन्यात ओढली. त्यांत कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण फार मोठे होते. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांत मेलेल्या सैनिकांतही त्यांचा वाटा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने बराच जास्त होता. १९६७ साली मुष्टियोद्धा महंमद अली याने भरती व्हायला साफ नकार दिला तेव्हा त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले, हे आपल्या जुन्या वाचकांना आठवत असेल.

डिसेंबर १९६८ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची मुलगी ज्युली हिचे लग्न माजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या नातवाशी झाले. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. जॉनच्या मनात विचार आला, या घरातली माणसे कधी चिखलात, गोळ्यांच्या समोर उभी राहणार आहेत काय? त्या रागातून, जेमतेम वीस मिनिटांत, शब्द कागदावर उतरले. तो नातू डेव्हिड पुढे नौदलात नोकरीला गेला, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण गाणे एका माणसावर नव्हतेच. ते व्यवस्थेवर होते. या गाण्यात बोलतो तो पुढाऱ्याच्या किंवा कोट्यधीशाच्या घरी न जन्मलेला मुलगा. झेंडा दाखवून देशभक्ती शिकवणारे स्वतः कर चुकवतात आणि आपली पोरे घरी ठेवतात, हे तो रोखठोक सांगतो. गाणे अडीच मिनिटांचेही नाही, पण त्याचा फटका आजही बसतो.

आणि या गाण्याचे पुढे काय झाले पाहा. सन २००० नंतर जीन पँटच्या एका कंपनीने जाहिरातीसाठी त्याची फक्त सुरुवात घेतली. झेंड्याचा उल्लेख ठेवला आणि त्यापुढचा डंख कापून टाकला. गाण्याचे हक्क जॉनकडे नव्हते, त्यामुळे त्याला बघत बसावे लागले. २०२० साली राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या प्रचारसभेत हेच गाणे वाजले, तेव्हा जॉनने वकिलामार्फत ते थांबवण्याची नोटीस पाठवली. ज्यांच्यावर गाणे लिहिले त्यांनीच ते मिरवावे, असा हा उफराटा न्याय! अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने मात्र २०१३ च्या यादीत या गाण्याला देशाचा ठेवा म्हणून स्थान दिले.

मूळ कोणाचे?

आता एक प्रश्न आपण विचारायलाच हवा. चौघेही गोरे. मग हे संगीत आले कुठून? ते आले कापसाच्या शेतांतून, तुरुंगांतून आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून. हाउलिन वुल्फ, बो डिडली, लिटल रिचर्ड, लेड बेली ही जॉनची गुरुमंडळी. लेड बेलीने टेक्सास आणि लुईझियानातल्या तुरुंगांत सक्तमजुरी भोगली होती. त्याने गाजवलेली 'मिडनाइट स्पेशल' आणि 'कॉटन फील्ड्स' ही दोन गाणी क्रीडन्सने १९६९ च्या अल्बममध्ये घेतली. पहिल्यात रात्री तुरुंगावरून जाणाऱ्या गाडीच्या दिव्याचा उजेड आहे आणि कैद्याच्या मनात सुटकेची आस आहे. लेड बेली १९४९ सालीच वारला. या गाण्यांचे सोने झालेले त्याने पाहिले नाही. 'ट्रॅव्हलिन बँड'ची चाल लिटल रिचर्डच्या एका गाण्याच्या फार जवळ जाते, म्हणून त्या गाण्याच्या मालक कंपनीने दावा लावला आणि तो कोर्टाबाहेर मिटला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एल सेरिटोपासून ओकलंड शहर अगदी जवळ. त्याच ओकलंडमध्ये १९६६ साली 'ब्लॅक पँथर' पक्ष जन्मला, ज्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली. एकाच उपसागराच्या काठी, त्याच वर्षांत, एकीकडे कृष्णवर्णीय तरुण हक्कांसाठी लढत होते आणि दुसरीकडे गोऱ्या कामकरी घरातली पोरे त्यांच्याच संगीतातून आपला राग गात होती.

पाऊस आणि फाटाफूट

१९६९ या एका वर्षात क्रीडन्सने तीन अल्बम काढले. त्याच ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या प्रचंड मेळाव्यात त्यांची पाळी आली ती मध्यरात्र उलटून गेल्यावर. बरेचसे श्रोते चिखलात झोपलेले होते. जॉनला कार्यक्रम पसंत पडला नाही आणि त्या मेळाव्यावरच्या गाजलेल्या चित्रपटात बँड दिसलाच नाही.

पैसा आला, नाव आले आणि भांडणही आले. गाणी जॉन लिहिणार, चाली तोच लावणार, गाणार तोच आणि व्यवहारही तोच बघणार. बाकीच्यांचा जीव घुसमटू लागला. 'हॅव यू एव्हर सीन द रेन' हे लोकांना वाटते तसे नुसत्या पावसाचे गाणे नाही. लख्ख उन्हात पडणारा तो पाऊस म्हणजे यशाच्या शिखरावर असताना बँडमध्ये पसरलेली उदासी होती, असे जॉनने पुढे सांगितले. १९७१ च्या सुरुवातीला टॉम बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी एक अल्बम सारख्या वाटणीने केला, तो पडला, आणि ऑक्टोबर १९७२ मध्ये बँड मोडला.

भावाभावांतला दुरावा मिटला नाही. टॉमला रक्त चढवताना एचआयव्हीची लागण झाली होती. सप्टेंबर १९९० मध्ये क्षयाने तो गेला. वय अवघे ४८. समेट झालाच नाही. १९९३ साली बँडचा मोठा सन्मान झाला, तेव्हाही जॉनने जुन्या दोघा साथीदारांबरोबर मंचावर वाजवायला नकार दिला. एका ताटात जेवलेली माणसे! हिशोब आणि निर्णय दोन्ही सगळ्यांसमोर मांडले नाहीत तर चांगले चाललेले मंडळ कसे फुटते, त्याचे हे उदाहरण आहे.

एका सहीची किंमत

सगळ्यांत मोठा घाव मात्र कागदाचा होता. विशी-बाविशीतल्या पोरांनी कंपनीच्या करारावर सह्या केल्या, त्यात गाण्यांचे प्रकाशनहक्क कंपनीकडे गेले. १९६७ साली सॉल झेंट्झ याने भागीदारांसह फँटसी कंपनी विकत घेतली होती. यश मिळाले की करार सुधारू, असा शब्द त्याने दिला होता, असे जॉनचे म्हणणे. तोंडी शब्द! तो कागदावर कधी आला नाही. क्रीडन्सच्या गाण्यांनी कंपनी श्रीमंत झाली. झेंट्झने पुढे चित्रपट काढले आणि त्यातल्या तीन चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. इकडे बँडची बचत कर वाचवण्याच्या सल्ल्याने बहामा बेटांवरच्या एका बँकेत ठेवली होती. १९७७ साली ती बँक बुडाली आणि लाखो डॉलर गेले.

कंपनीच्या कचाट्यातून सुटण्यासाठी जॉनने १९८० च्या सुमारास जुन्या गाण्यांच्या मानधनावरही पाणी सोडले. आपली गाणी गायली की कंपनीला पैसा जातो, म्हणून त्याने ती गाणेच बंद केले. स्वतःची लेकरे परक्याच्या घरी वाढताना बघावीत, तसे हे जिणे!

१९८५ साली त्याने नवे गाणे काढले, तर कंपनीने दावा ठोकला. कशाबद्दल? हे नवे गाणे 'रन थ्रू द जंगल' या त्याच्याच जुन्या गाण्याची नक्कल आहे म्हणून! स्वतःचीच चोरी केल्याचा आरोप. १९८८ साली जॉन गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि आपण गाणे कसे रचतो ते ज्यूरीला वाजवून दाखवले. ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल दिला. मग प्रश्न आला वकिलाच्या खर्चाचा. दावा लावणारा जिंकला तर त्याला खर्च सहज मिळे. आरोप झेलणारा जिंकला तर दावा खोडसाळपणे केला होता हे त्याला सिद्ध करावे लागे. १ मार्च १९९४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, दोघांना एकच माप लावले पाहिजे. हा निकाल आज तिथल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो.

त्याच्या आधी, फेब्रुवारी १९८७ मध्ये, लॉस एंजेलिसच्या एका क्लबात बॉब डिलनने जॉनला टोकले होते. तू 'प्राउड मेरी' गायली नाहीस तर लोक ते टीना टर्नरचेच गाणे समजतील, असा त्या बोलण्याचा मतलब. जॉन त्या रात्री गायला. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या कार्यक्रमात त्याने आपली जुनी गाणी गायली. ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांच्यासमोरच मौन सुटले.

पुढे २००४ साली कंपनी दुसऱ्या मालकाकडे गेली आणि नव्या मालकाने जॉनचे मानधन पुन्हा सुरू केले. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, जॉनने आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांतला मोठा वाटा विकत घेतला. होय, स्वतः लिहिलेली गाणी स्वतः पैसे मोजून परत घेतली! अर्ध्या शतकाच्या वर झगडा चालला होता.

आपण काय घ्यावे?

वाचकहो, आपल्या वस्त्यांत गाणारे गळे कमी नाहीत. कोणी गीते लिहितो, कोणी चाल लावतो, कोणी मोबाइलवर रेकॉर्ड करून गाणे जगभर पाठवतो. त्या प्रत्येकाने ही कथा लक्षात ठेवावी. आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाण्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा कंपनीला एकगठ्ठा लिहून घेता येत नाही. हा कायदा कागदावर आहे. तो वापरायचा तर आधी कागद वाचायला हवा.

म्हणून आपल्या घरातल्या गाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला कोणी करार पुढे केला, तर घाई करू नका. घरी आणा, मोठ्याने वाचा, समजत नसेल तर जाणत्या वकिलाला दाखवा, आणि सहीची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. टाळ्या वाजून थांबतात. कागद मात्र पन्नास वर्षे बोलत राहतो.